सोलापूरचं ‘ऑड्टापूर’ का होतं?

वाचकांचे प्रश्न : जुने संगणक, जुनी यंत्रं

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच चिपभोवती फिरतात : जनरल इन्स्ट्रुमेंटची एसपी०२५६-एएल२. १९८०च्या दशकातल्या घरगुती संगणकांना वाचा देणारी ही २८ पिनांची चिप. तिच्या पोटात शब्द नाहीत, ध्वनी आहेत. ५९ ध्वनी आणि ५ विराम, मिळून ६४. संगणकाने ० ते ६३ पैकी एकेक आकडा पाठवायचा, चिप तो तो ध्वनी काढते. एवढं लक्षात ठेवून पुढची उत्तरं वाचावीत.

*

प्रश्न : आमच्या शाळेला १९८४-८५ च्या ‘क्लास’ या शाळांमधल्या संगणक-प्रकल्पात बीबीसी मायक्रो संगणक मिळाले होते. अडगळीतून एक बाहेर काढला आहे. सोबत यूजर पोर्टला जोडायचा, हाताने बनवलेला एक डबा आहे. आत एसपी०२५६-एएल२, एक एलएम३८६ (आवाज वाढवणारी चिप) आणि छोटा स्पीकर. खोली यंत्रमागाच्या शेडला लागून असल्यामुळे सगळ्यावर कापसाच्या तंतूंचा थर बसलाय. एकदम चालू करून बघू का?
— निवृत्त शिक्षक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : नका. आधी डब्याकडे नव्हे, संगणकाच्या पॉवर सप्लायकडे बघा. त्यात मेन्सच्या फिल्टरला ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असतात. आत धातूचा मुलामा दिलेला कागद, वरून पिवळसर पारदर्शक आवरण. चाळीस वर्षांत आवरणाला केसासारख्या चिरा जातात, दमट हवा आत शिरते, आणि यंत्र चालू केल्यावर थोड्या वेळात पांढरा धूर निघतो. वास खोलीतून लवकर जात नाही. यंत्र पुष्कळदा त्यानंतरही चालत राहतं, म्हणून लोक दुर्लक्ष करतात, करू नये. चिरा दिसोत वा न दिसोत, दोन्ही काढून तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, एक्स२ वर्गाचे (थेट मेन्सवर लावायचे), २७५ व्होल्ट एसीचे बसवा. दुकानदार ‘६३० व्होल्ट डीसीचा चालेल’ म्हणेल, पण घेऊ नका. एक्स२ची बांधणीच अशी असते की तो बिघडला तरी आग लागू नये.

पॉवर सप्लाय उघडण्याआधी प्लग काढा. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब शिल्लक असू शकतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यात धरून दहा सेकंद टेकवा आणि मीटरने शून्याची खात्री करा. मेन्सच्या कामाची सवय नसेल तर एवढा भाग टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही. पहिली चाचणी संगणक न जोडता करा : मेन्सच्या बाजूला ६० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये, आणि ५ व्होल्टच्या तारांवर भार म्हणून रिक्षाच्या ब्रेक-लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब. ५ व्होल्टवर तो साधारण एक अँपिअर ओढतो आणि तांबूस पेटतो. मेन्सचा बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर ठीक. भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. ५ व्होल्ट हे ४.९ ते ५.१च्या दरम्यान हवेत.

आता डबा. कापसाचे तंतू कोरडे असताना निरुपद्रवी असतात. पावसाळ्यात ओल धरली की पिनापिनांमध्ये गळती सुरू होते. आधी कोरड्या रंगाच्या ब्रशने झाडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दातांचा ब्रश. थिनर वापरू नका, रिबन केबलच्या कनेक्टरचं प्लास्टिक चिकट होतं. पत्र्याच्या खोलीत चाळीस उन्हाळे काढलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मोजत बसू नका, सरळ बदला. अशा डब्यात ते तीन-चारच असतात : सप्लायवर १०० किंवा २२० मायक्रोफॅरड, स्पीकरच्या रांगेत १०० मायक्रोफॅरड, आवाजाच्या वाटेत १ मायक्रोफॅरड.

चिप सॉकेटमध्ये असेल तर काढून ठेवा आणि रिकाम्या सॉकेटवर व्होल्ट मोजा. पिन १ म्हणजे ग्राउंड. पिन ७ आणि पिन २३, दोन्हींवर ५ व्होल्ट हवेत. २३ विसरलेले बोर्ड पुष्कळ सापडतात. रीसेटच्या दोन पिना, २ आणि २५, बहुधा एकत्र जोडून १०० किलोओहमने ५ व्होल्टला आणि ०.१ मायक्रोफॅरडने ग्राउंडला नेलेल्या असतात. हा छोटा कपॅसिटर गळका झाला की दोन्ही पिना खालीच (० व्होल्टजवळ; ‘वर’ म्हणजे ५ व्होल्टजवळ) राहतात आणि चिप जन्मभर रीसेटमध्ये. ‘चिप मेली’ म्हणून टाकून दिलेल्या डब्यांत हा दोष आधी शोधावा.

सगळं जुळलं की चिप बसवून चालू करा. स्वस्थ चिप रिकामी बसली असताना पिन ८ (स्टँडबाय) वर, आणि पिन ९ (एलआरक्यू, म्हणजे ‘पुढचा आकडा द्या’ ही खूण) खाली असते. पिन ९ खाली म्हणजे जागा आहे, वर म्हणजे पोट भरलेलं आहे. हे उलटं वाटतं, आणि निम्मे प्रोग्रॅम तिथेच चुकतात.

ऑसिलेटर (क्रिस्टलवर चालणारं चिपचं घड्याळ) चालतोय का हे ऑसिलोस्कोपशिवायही कळतं. क्रिस्टल ३.१२ मेगाहर्ट्झचा असतो, त्याची दुप्पट ६.२४. शॉर्टवेव्हचा रेडिओ ४९ मीटरच्या पट्ट्याच्या जरा वर, ६.२४ला लावा आणि एरियल डब्याजवळ आणा. डबा चालू करताच त्या जागी रेडिओची खरखर दबली आणि बंद करताच परत आली, तर क्रिस्टल धडधाकट आहे.

शेवटची चाचणी संगणकाशिवाय. केबल काढा. ए१ ते ए६ या सहा पत्त्यांच्या पिनांना (१८, १७, १६, १५, १४, १३) १० किलोओहमने ५ व्होल्ट द्या आणि प्रत्येकीला ग्राउंडकडे जाणारा एक डिप स्विच लावा. ए७ आणि ए८ (पिन ११ आणि १०) ग्राउंडला. एसई (पिन १९) ५ व्होल्टला. एएलडी (पिन २०, ‘आकडा उचला’ ही खूण) १० किलोओहमने ५ व्होल्टला आणि पुश बटणाने ग्राउंडला. स्विचवर २४ लावा, म्हणजे फक्त ए४ आणि ए५ वर, बाकी खाली. बटण दाबलं की ‘आ’ ऐकू आला पाहिजे, आणि तो चालूच राहील. घाबरू नका : ही चिप शेवटचा स्वर स्वतःहून थांबवत नाही. सगळे स्विच खाली करून ० पाठवा, गप्प बसेल.

*

प्रश्न : डबा बोलतो, पण वेडंवाकडं. मी ५५, ५३, ४५, २४, २, ९, ३१, १४, ३ असे आकडे पाठवतो. ‘सोलापूर’ यायला हवं, येतं ‘ऑड्टापूर’. चिप बदलू?
— होटगी रोड, सोलापूर

उत्तर : चिपला हात लावू नका, तिने निदान करून दिलंय. तुमचा शब्द नीट ऐका : मागचा ‘आपूर’ शुद्ध आहे, बिघडलेत फक्त पहिले तीन ध्वनी. ५५ (स) च्या जागी ऑ आला, तो २३. ५३ (ओ) च्या जागी ड, तो २१. ४५ (ल) च्या जागी ट, तो १३. तिन्हींत फरक ३२चा. उरलेले सगळे आकडे ३२च्या आतले, म्हणून ते वाचले. सहा पत्त्यांच्या किमती अनुक्रमे १, २, ४, ८, १६, ३२. म्हणजे ए६ची वाट तुटलेली आहे आणि ती पिन कायम खाली राहते.

बीबीसी मायक्रोच्या यूजर पोर्टवर आठ वाटा असतात, पीबी० ते पीबी७. पीबी० ही २० पिनांच्या कनेक्टरची ६वी पिन, मग ८, १०, १२ अशा सम पिना. पीबी५ म्हणजे १६वी. संगणकाच्या मेमरीतल्या पत्ता ६५१२२ वर १२७ लिहा (सात वाटा बाहेर जाणाऱ्या, एक आत येणारी), मग ६५१२० वर आलटून पालटून ३२ आणि ० लिहा आणि मीटर लावा. संगणकाच्या टोकाला व्होल्टेज वरखाली होतंय आणि चिपच्या पिन १३ला नाही, तर रिबन केबलचा दाबलेला कनेक्टर सैल आहे. तो व्हाइसमध्ये सरळ धरून पुन्हा दाबा. पकडीने एका कडेने दाबला तर दुसरी कड उचलते. केबल काढूनही संगणकाच्या टोकाला हालचाल नसेल तर ६५२२ (पोर्ट सांभाळणारी चिप) गेली. बोर्डावर ६५२२ दोन असतात, एक यंत्राच्या घरकामाला, दुसरी यूजर पोर्टला. दोन्ही सॉकेटवर असतील तर अदलाबदल करून बघा.

याच रीतीने बाकीचे दोषही कानाने पकडता येतात. शब्दातले ध्वनी गळत असतील, ‘सोपूर’ असं काही येत असेल, तर प्रोग्रॅम पिन ९ची वाट न पाहता आकडे ढकलतोय. बीबीसीवर पीबी७ला एलआरक्यू आणि पीबी६ला एएलडी जोडलेली असेल तर क्रम असा : ६५१२० वाचत राहा, उत्तर १२८च्या खाली आलं की आकडा अधिक ६४ लिहा, मग नुसता आकडा, मग परत आकडा अधिक ६४. मधलं लिखाण म्हणजे एएलडीचा खाली जाणारा टिचका, त्याच क्षणी चिप आकडा उचलते. शब्द बरोबर पण शेवटी ‘रर्रर्र’ लांबत असेल तर शेवटचा विराम पाठवायचा राहिलाय. आवाजावर वाळू चाळल्यासारखी किरकिर असेल तर पिन २४ नंतरचा फिल्टर बघा. चिप तिथे पल्स सोडते. ३३ किलोओहम आणि ०.०२२ मायक्रोफॅरड अशा एकामागोमाग दोन पायऱ्या त्यातून माणसाचा आवाज गाळतात. एक कपॅसिटर सुटला तरी शब्द कळतात, म्हणून दोष लपून राहतो. आणि स्पीकर ‘पुट् पुट् पुट्’ करत असेल तर एलएम३८६च्या पिन ६ जवळ २२० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड द्या. पिन १ आणि ८ मध्ये १० मायक्रोफॅरड लावलेला असेल तर तो काढून टाका. त्याने गेन (आवाज किती पट वाढतो ते) २० वरून २०० होतो, आणि या चिपला २०० लागत नाही.

*

प्रश्न : ३.१२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल नवी पेठेत मिळाला नाही. जुन्या रंगीत टीव्हीचा बसवला तर?
— एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : परदेशी नकाशांत ‘टीव्हीचा क्रिस्टल लावा’ असं लिहिलेलं असतं ते अमेरिकी टीव्हीबद्दल, तिथे तो ३.५८चा. आपल्याकडच्या पाल टीव्हीत ४.४३चा असतो. त्यावर चिप ४२ टक्के जास्त वेगाने पळेल किंवा चालूच होणार नाही. ३.५८चा हवाच असेल तर जुन्या बटणांच्या टेलिफोनमध्ये बघा, टोन डायलिंगच्या चिपला तोच लागायचा. आवाज सुमारे १५ टक्के चढतो. पेटीवर अडीच पट्ट्या म्हणा. बोलणं कळतं, पण पोरसवदा वाटतं.

आमची शिफारस ३.०७२ची. डिजिटल ऑडिओच्या कामाला तो अजून बनतो, आणि मूळ सुरापेक्षा फक्त दीड टक्का खाली राहतो. दोन्ही टोकांना २२ पिकोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर ग्राउंडला, आणि क्रिस्टल पिन २७-२८च्या अगदी जवळ.

*

प्रश्न : ऑनलाइन पाच चिप मागवल्या. तीन मुक्या, चौथी भलतंच बडबडते, पाचवी गरम होते. विक्रेता म्हणतो, सर्किट चुकलंय.
— जुळे सोलापूर

उत्तर : सर्किट चुकलंय का हे पहिल्या उत्तरातल्या डिप स्विचच्या चाचणीने अर्ध्या तासात ठरेल. पण तुमची लक्षणं बाजारातल्या रंगवलेल्या मालाची आहेत. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन वरचा पृष्ठभाग पुसा. काळा रंग बोळ्याला लागला, किंवा अक्षरं जाऊन खाली घासल्याच्या समांतर रेघा दिसल्या, तर चिप दुसऱ्याच कुळातली. पिन १ जवळच्या गोल खड्ड्याचा तळ गुळगुळीत असावा. रंगाने बुजलेला असेल तर तोही पुरावा.

बडबडणारी चौथी कदाचित खरी असेल, पण ‘एएल२’ नसेल. एसपी०२५६ हे घराणं आहे, आडनावापुढचं पाहायचं. ‘०१२’ ही इंटेलिव्हिजन या खेळयंत्राच्या इंटेलिव्हॉइस जोडणीतली, तिच्या पोटात वेगळा मजकूर असतो. तिला ५५ पाठवून ‘स’ येणार नाही. पाचवी कोमट होत असेल तर चालेल, या जुन्या एनएमओएस चिप शंभर मिलिअँपिअरच्या आसपास खातात. बोट ठेववत नसेल तर लगेच काढा.

*

प्रश्न : काकांनी इंग्लंडहून आणलेला झेडएक्स स्पेक्ट्रम संगणक आणि त्याला जोडायचा बोलणारा डबा, कराह मायक्रोस्पीच, आहे. चित्र येतं, आवाज नाही.
— बार्शी

उत्तर : मायक्रोस्पीचमध्येही हीच चिप आहे, पण तिचा आवाज चित्राच्या सिग्नलवर चढून टीव्हीच्या स्पीकरमधून यावा अशी रचना आहे. ब्रिटनमध्ये चित्र आणि आवाज यांत ६ मेगाहर्ट्झचं अंतर असतं, भारतीय टीव्हीत ५.५चं. चित्र सापडतं, आवाज शेजारून निघून जातो. टीव्हीशी झटू नका. आतल्या फिल्टरनंतरच्या टोकापासून १ मायक्रोफॅरडमधून शील्ड तार काढा आणि बाहेरच्या ॲम्प्लिफायरला द्या. मायक्रोस्पीच लावताना-काढताना स्पेक्ट्रमची वीज बंद हवीच, कनेक्टर किंचित तिरका बसला तरी संगणकाच्या मेमरीवर बेततं. आणि स्पेक्ट्रमचा ९ व्होल्टचा प्लग आत ऋण, बाहेर धन असतो. आपल्याकडचे तयार ॲडॉप्टर बहुतेक उलटे, लावण्याआधी मीटर धरा.

*

प्रश्न : चिप इंग्रजीसाठी आहे हे माहीत आहे. तरी तिच्याकडून मराठी कितपत बोलवून घेता येईल?
— सात रस्ता, सोलापूर

उत्तर : स्वरांचं छान जमतं, व्यंजनांशी तडजोड करावी लागते.

स्वर असे घ्या : अ १५, आ २४, इ १२, ई १९, उ ३०, ऊ ३१, ए २०, ओ ५३. यातले १५, २४, १२, ३० दोनदा पाठवले तर स्वर लांबतो. १९ आणि २० दोनदा पाठवू नका, तुटक ऐकू येतात. शब्दाच्या सुरुवातीचा स एकदा पुसट वाटतो, तिथे ५५, ५५ द्या. ‘सोलापूर’ त्याने आणखी खुलतं.

सगळी करामत विरामांत आहे. ० म्हणजे १० मिलिसेकंद, १ म्हणजे ३०, २ म्हणजे ५०, ३ म्हणजे १००, ४ म्हणजे २००. प, ट, क, च यांच्या आधी २ हवाच, कारण आपण हे वर्ण बोलताना क्षणभर तोंड बंद करतो आणि चिप ते आपोआप करत नाही. ब, ड, ग, ज यांच्या आधी ० किंवा १ पुरतो. जोडाक्षरातलं द्वित्त इथेच मिळतं : विराम वाढवा. ‘अक्कलकोट’ असं लिहा : १५, ३, ४२, १५, ४५, २, ८, ५३, २, १३, ३. पहिल्या क आधीचा ३ हा ‘क्क’. दोन क वेगळे का? चिपमध्ये क तीन आहेत : ४२ हा अ, इ, ए यांच्या आधीचा, ८ हा उ, ओ यांच्या आधीचा, ४१ शब्दाच्या शेवटचा. ‘को’ला ४२ लावून बघा, ‘क्यो’कडे झुकल्यासारखं वाटेल. ग चेही असेच तीन आहेत : ३६ ई-ए पूर्वी, ६१ उ-ओ पूर्वी, ३४ आ पूर्वी.

मराठीचे दोन च दोन्ही निघतात. ‘चार’मधला च म्हणजे २, ५०. ‘चूल’मधला दंत्य च म्हणजे २, १७, ५५, १७ हा ट मुळात स च्या आधी येण्यासाठीच बनवलेला आहे. ‘झाड’मधल्या झ साठी १, ३३, ४३. महाप्राणांना मागे २७ (ह) जोडा : ख म्हणजे ४२, २७, भ म्हणजे २८, २७. फ साठी सरळ ४०.

त, ण आणि ळ यांपुढे मात्र हात टेकावे लागतात. इंग्रजीत दंत्य त नाही; १३ दिला तर ट ऐकू येतो, २९ दिला तर थ कडे जातो. आमचं मत २९च्या बाजूने, आधी १ विराम देऊन; ‘ताट’चं ‘टाट’ होण्यापेक्षा ते बरं. द साठी १८ चांगला. ण ला ११ किंवा ५६ म्हणजे न च. ळ ला ४५ किंवा ६२, दोन्ही ल च. ‘बाळ’ आणि ‘बाल’ यांतला फरक ऐकणाऱ्याने वाक्यावरून ओळखायचा.

वाक्याला चढउतार देता येत नाही, सूर ध्वनींतच गोठवलेला आहे. तो बदलायचा तर क्रिस्टलच्या जागी बदलता येणारं घड्याळ द्यावं लागेल, पण त्याबरोबर बोलण्याचा वेगही बदलतो.

*

प्रश्न : बीबीसी मायक्रोच्या बोर्डावरच आवाजाच्या चिपसाठी २८ पिनांचं रिकामं सॉकेट आहे. एसपी०२५६ त्यातच बसवली तर डबा नको ना?
— अक्कलकोट रोडवरचेच शिक्षक

उत्तर : बसेल, आणि लगेच मरेल. ती जागा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस५२२० ची आहे. तिला ५ व्होल्टसोबत उणे ५ व्होल्टही लागतात आणि ते त्या सॉकेटवर हजर असतात. शिवाय ती ध्वनी जोडत नाही, शेजारच्या रॉममधले तयार शब्द बोलते. तो आवाज बीबीसीचे वृत्तनिवेदक केनेथ केंडल यांचा. त्यात ‘सोलापूर’ नाही. डबाच ठेवा.